बाबांनी लिहिलेलं कार्ड

चमचा बशीत टेकल्याचा ‘टिंग’ असा आवाज झाला, आणि अपघातापासून त्या घरात साचून राहिलेली शांतता फुटली.

गुमेडे बाबांनी चहा ढवळायचं थांबवलं होतं. कप पुढे सारून ते म्हणाले, “शनिवारी मी भेकानीच्या घरी जाणार. बकरा घेऊन. माफी मागायला.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा मुलगा वुसुमुझी पाव मोडत होता. हातातला तुकडा त्याने खाली ठेवला. “माफी? तुम्ही कशाची माफी मागायची, बाबा?”

“मूनसामीबाईंचं कार्ड माझ्या हातचं. सकाळी भेकानीला वाचून दाखवलं तेही मीच. ‘लाल झाकण’ असं मी माझ्या तोंडाने म्हणालो. आणि बाई म्हणतात, त्यांनी आदल्याच दिवशी आपल्याकडे फोन करून कळवलं होतं. कामाचा फोन माझ्या खुर्चीजवळ असतो. म्हणजे मीच घेतला असणार आणि विसरलो असणार.” बाबांनी दोन बोटं कपाळाला लावली. “हे इथलं आता पूर्वीसारखं चालत नाही, वुसू. परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतो. लंडिवेने हसून हसून जमिनीवर लोळण घेतली.”

“चष्मा सगळेच शोधतात, बाबा. कदाचित फोन दुसऱ्या कुणी…”

“दुसरं कोण? तू मयतीला गेला होतास. मकोटीने घेतला असता तर तिने सांगितलंच असतं.”

मकोटी, म्हणजे घरची सून बालुंगिले, शेगडीपाशी उभी होती. लेकीच्या, लंडिवेच्या, खिरीत ती उगाचच पळी फिरवत होती. तिची पाठ त्या दोघांकडे होती म्हणून बरं. तो फोन बाबांनी घेतला नव्हता. तिने घेतला होता.

डरबनच्या मागच्या टेकड्यांवर, वेस्टव्हिलपासून पार क्लूफपर्यंत, घरोघरी परसात पोहण्याचे तलाव आहेत. बाबांनी उमेदीची सगळी वर्षं दुसऱ्याच्या कंपनीत राहून ते तलाव घासले आणि मग स्वतःचा धंदा उभा केला. एक पिकअप, मुलगा, भेकानी नावाचा एक कामगार, आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा. या डब्यात धंद्याचा जीव होता. प्रत्येक तलावाचं एक कार्ड. तलाव किती लिटरचा, सिमेंटचा की फायबरचा, मोटर कुठली, फिल्टरमधली वाळू कधी बदलली, पाण्यात क्लोरीन कुठल्या जातीचं घालायचं. शिवाय कुत्रा आहे का, आणि असल्यास कुणाच्या पोटरीवर त्याचा डोळा आहे. सगळं बाबांच्या ठसठशीत, किंचित डावीकडे झुकलेल्या अक्षरात.

गुडघे गेल्यापासून बाबा घरीच असत. डबा सांभाळायचं काम सुनेकडे आलं होतं. सांभाळायचं, म्हणजे पुसायचं, लावायचं, काढून द्यायचं. लिहायचं मात्र नाही.

तसं कुणी स्पष्ट सांगितलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बालुंगिलेला एका कार्डावर वाळूची तारीख चुकलेली दिसली होती. तिने भाबडेपणाने पेन काढलं, बाबांच्या आकड्यावर रेघ मारली आणि शेजारी बरोबर तारीख लिहिली. संध्याकाळी बाबांनी ते कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं, खाली ठेवलं आणि अंगणात निघून गेले. त्या रात्री ते जेवायला आले नाहीत. सासूबाई भांडी विसळता विसळता हळूच म्हणाल्या, “मकोटी, या घरात बाबांच्या अक्षरावर रेघ मारत नाहीत हं.”

सासूबाई आता नाहीत. त्यांचं वाक्य राहिलं होतं.

सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्यांच्या खुर्चीत बसायचं नाही, त्यांच्यासमोर डोक्याचा रुमाल सोडायचा नाही. यातल्या कशाचाही बालुंगिलेला कधी जाच वाटला नव्हता. लंडिवेला गालगुंड झालं तेव्हा याच म्हाताऱ्याने दुखऱ्या गुडघ्यांनी तिला पाठीवर बांधून घरभर फिरवलं होतं. अशा माणसाच्या अक्षराला हात लावायचा नाही, एवढंच ना? नाही लावणार! मग कुणा गिऱ्हाइकाने फोनवर काही बदल कळवला की ती तो तोंडीच पुढे सांगायची. ‘वुसू, टेकडीवरच्या त्या घरी मोटर बदलली हं.’ ‘भेकानीभाऊ, तिथे आता दुसरा कुत्रा आहे, जपून.’ डब्यात एक लिहिलेलं असायचं आणि तोंडी दुसरंच चालायचं. आणि चालत होतं, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मूनसामीबाईंच्या तलावाचं झालं ते असं. क्लोरीनच्या गोळ्या तलावात एका तरंगत्या डबीत घालून सोडतात. बाबांच्या धंद्यात दोन जातीच्या गोळ्या होत्या. लाल झाकणाच्या डब्यातली चुन्याच्या जातीची, निळ्या झाकणाच्या डब्यातली आम्लाच्या जातीची. दोन्ही पांढऱ्या, दिसायला सख्ख्या बहिणी. वेगवेगळ्या असल्या की दोघीही गरीब. पण एकीच्या ओल्या उरलेल्या तुकड्यांवर दुसरी पडली आणि वरून झाकण घट्ट बसलं, की आत विषारी वायू कोंडतो आणि डबी फुटते. म्हणून कुठल्या तलावात कुठली गोळी हे कार्डावर सगळ्यात वर, लाल शाईत लिहिलेलं असे.

अपघाताच्या आदल्या दुपारी बाबांचा डोळा लागला होता. वुसुमुझी एशोवेला मामाच्या मयतीला गेला होता. फोन वाजला, तो बालुंगिलेने उचलला. मूनसामीबाई म्हणाल्या, “जावयाने दुकानातून निळ्याच्या जातीचं आणून डबीत भरलंय गं. तुमच्या माणसाला तेवढं सांग. हे जावई नुसते नवीन नवीन आणतात आणि निस्तरायचं आम्ही.” दोघी हसल्या. बालुंगिलेने कार्ड काढलं. वर बाबांच्या लाल शाईत ‘लाल’ लिहिलेलं होतं. पेन शेजारीच होतं. तिने कार्ड परत ठेवलं. उद्या तोंडीच सांगू.

दुसऱ्या दिवशी सकाळी भेकानी आला. वुसूच्या वाट्याची घरंही त्यालाच करायची होती, म्हणून पडवीत बसून बाबा त्याला कार्डं वाचून दाखवत होते. बाबांना हे काम फार आवडे. आणि भेकानीही असा, की ऐकून झाल्यावर कार्ड स्वतः हातात घेऊन ओळीवर बोट फिरवत पुन्हा वाचायचा. या सवयीमुळे बाकीच्या कंपन्यांची पोरं त्याला ‘पाद्रीबुवा’ म्हणायची.

“मूनसामी,” बाबांनी वाचलं. “मोटर नवी. कुत्रा नाही, पोपट आहे, शिव्या देतो. लाल झाकण.”

“पोपटाला माझं नाव पाठ आहे, बाबा,” भेकानी म्हणाला. “नावासकट शिव्या देतो!”

दोघे हसले. बालुंगिले चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. ‘बाबा, तिथे आता निळं आहे’, एवढंच बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण बाहेरच्या माणसासमोर सुनेने सासऱ्याचं वाचलेलं खोडून काढायचं? तिने ट्रे खाली ठेवला, कप दोघांच्या हातात दिले आणि आत गेली. भेकानी निघाला की फोन करू, असं तिने ठरवलं. केलाही. तो गाडी चालवत होता, त्याने उचलला नाही. मग लंडिवेचा एक बूट सापडेना. मग वीज गेली. मग धुण्याचा ढीग. आणि मग मूनसामीबाईंचा किंचाळत आलेला फोन.

भेकानीची छाती दवाखान्यात सुधारली. डावा डोळा नाही सुधारला. डॉक्टर म्हणाले, उजेड आणि अंधार एवढं कळेल, फार तर.

वाचकहो, बालुंगिलेला दुष्ट म्हणायची घाई करू नका. आपल्यापैकी कितीजणींनी, कितीजणांनी, मोठ्या माणसाची चूक दिसत असताना फक्त मान राखायचा म्हणून ओठ मिटले आहेत! फरक एवढाच, की आपल्या वेळी डबी फुटली नाही.

शुक्रवारी बाबांची थोरली बहीण आली. नाव थोलाकेले, पण सरकारी इस्पितळात जन्मभर वॉर्ड सांभाळलेला, त्यामुळे भावापासून भाजीवाल्यापर्यंत सगळे तिला ‘सिस्टर’च म्हणत. बकऱ्याचं काय ते ठरवायला आली होती. बाबांशी बोलून झाल्यावर ती मागच्या ओट्यावर बालुंगिलेजवळ येऊन बसली. दोघींच्या मध्ये उकडलेल्या अळकुड्यांचं पातेलं होतं.

“माशेझी,” सिस्टर म्हणाली. लग्न होऊन आलेल्या बाईला तिथे माहेरच्या आडनावाने हाक मारतात. बालुंगिले शेझींची लेक. “मघापासून तू अळकुड्या सोलतेस, सालं पातेल्यात टाकतेस आणि अळकुड्या कोंबड्यांना. कोंबड्यांची चंगळ आहे. तुझं काय चाललंय?”

“काही नाही, सिस्टर.”

“वॉर्डात ‘काही नाही’ म्हणणाऱ्या पेशंटला मी सगळ्यात आधी तपासायची. बोल.”

बालुंगिलेने आधी सुरी खाली ठेवली. मग सगळं सांगितलं. फोन, कार्ड, ट्रे. सांगताना ती सिस्टरकडे बघत नव्हती, कोंबड्यांकडे बघत होती. सांगून झाल्यावर तिला वाटलं, आता ही जवळ घेईल. सिस्टरने जवळ घेतलं नाही.

“का गप्प बसलीस?”

“बाबांचं अक्षर होतं. भेकानीभाऊंसमोर त्यांना खोटं पाडायचं? मोठ्यांचा मान ठेवावा हे तुम्हीच सगळ्यांनी शिकवलं ना मला?”

“शिकवलं. आणि अजूनही शिकवीन. मीही सून होते. माझे सासरे जाऊन इतकी वर्षं झाली, त्यांचं नाव आजही माझ्या तोंडात येत नाही. पण ऐक. वॉर्डात पेशंटच्या पायाशी तक्ता टांगलेला असतो. त्यावर मोठ्या डॉक्टरांचं अक्षर. एका बाईला त्यांनी एक औषध लिहिलं. ती बाई मला म्हणाली, सिस्टर, हे घेतलं की माझा गळा सुजतो. डॉक्टरांना सांगायला ती घाबरत होती. आता मी काय करावं? डॉक्टरांचा मान ठेवावा?”

“तुम्ही काय केलंत?”

“गेले त्यांच्या खोलीत. ते जेवत होते. असे भडकले, असे भडकले, म्हणाले डॉक्टर तू का मी? मी म्हटलं, डॉक्टर तुम्हीच, पण गळा तिचा आहे. हातातला घास टाकून आले आणि स्वतःच्या हाताने खोडलं. मग महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. न का बोलेनात! बाई पायांनी चालत घरी गेली.” सिस्टरने अळकुडी हातात घेतली आणि तशीच धरून राहिली. “तक्ता डॉक्टरांचा नसतो गं. ज्याच्या पायाशी टांगलाय त्याचा असतो! ते कार्ड माझ्या भावाचं नव्हतं. ज्याला ती डबी उघडायची होती त्या भेकानीचं होतं! त्याच्या डोळ्यापेक्षा तुला शाई मोठी वाटली?”

बालुंगिलेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिने रुमाल कपाळावर आणखी खाली ओढला.

“आणि मान म्हणतेस,” सिस्टर थांबली नाही. “काल हा माझा भाऊ मला काय विचारत होता माहितीय? म्हणाला, आपल्या आईला शेवटी शेवटी कुणाची ओळख उरली नव्हती, तसं माझं सुरू झालं का गं? रात्रभर झोपला नाही म्हणे. घरातल्या सगळ्यांची नावं मनात घोकत होता. त्याचं डोकं शाबूत आहे, हे या जगात फक्त तुला ठाऊक आहे. आणि तू त्याला खुळा ठरू देतेस! याला मान म्हणतात का, माशेझी?”

“नाही,” बालुंगिले म्हणाली. ते तिचं तिलाच ऐकू गेलं.

त्याच दुपारी ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबा बकऱ्याच्या गळ्यात दोरी बांधून बघत होते. “काय गं?” त्यांनी मायेने विचारलं. त्यांचे डोळे झोप नसल्याने लाल झाले होते. ते डोळे पाहिले आणि तिचा धीर सुटला.

“चहा हवाय का, बाबा?”

“हवा.”

तिने चहा केला. त्या चहाची लाज तिला ट्रेच्या लाजेपेक्षा जास्त वाटली.

शनिवारी भेकानीच्या घरी पुरुष खुर्च्यांवर बसले. सिस्टरलाही खुर्ची मिळाली. बालुंगिले रीतीप्रमाणे खाली चटईवर, पाय एका बाजूला घेऊन बसली. बकरा बाहेर कुंपणाला बांधला होता आणि अधूनमधून ओरडत होता. भेकानीची बायको फिंडिले कपांत चहा ओतत होती, कुणाकडेही न बघता. भेकानीच्या डाव्या डोळ्यावर पांढरी पट्टी होती. तो मान वळवून उजव्या डोळ्याने प्रत्येकाकडे बघत होता, आणि हे मान वळवणं अजून त्याच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं.

बाबा उभे राहिले. टोपी काढून त्यांनी छातीशी धरली. “भेकानी, मी…”

“बाबा, बसा आधी. गुडघे दुखतील.” भेकानीने त्यांना थांबवलं. “चूक माझीच असेल. घाईत वाचलं असेल मी.”

“तू घाईत वाचत नाहीस, म्हणून तर पोरं तुला पाद्रीबुवा म्हणतात. कार्डच चुकीचं होतं. बाईंनी मला फोन केला आणि मी विसरलो. माझं डोकं…”

“नाही बाबा, डबी उघडल्यावर मी वास घ्यायला हवा होता.”

“वास कशाला घ्यायचा? कार्ड कशासाठी असतं मग?”

दोन भली माणसं एकमेकांच्या हातून दोष ओढून घेत होती. ज्याचा तो खरा होता, ते माणूस चटईवर बसून चटईची काडी मोडत होतं.

“फोन मी घेतला होता.”

कुणाला ऐकू गेलं नाही. फिंडिले चहा ओततच राहिली. बालुंगिले गुडघ्यांवर उभी राहिली.

“फोन मी घेतला होता, बाबा! तुम्ही झोपला होतात. बाईंनी मला सांगितलं, निळं घातलंय. मी कार्ड काढलं आणि लिहिलं नाही. तुमचं अक्षर होतं म्हणून लिहिलं नाही. आणि तुम्ही सकाळी लाल म्हणालात तेव्हा मी तिथेच होते. दारात. ट्रे घेऊन.”

बाहेर बकरा ओरडला.

फिंडिलेने किटली खाली ठेवली. “तिथेच होतीस?”

“हो.”

“माझा नवरा तुझ्यासमोर बसला होता? तुझ्या हातचा चहा पीत होता?”

“हो, ताई.”

“मग तुझ्या तोंडात काय होतं गं तेव्हा? मक्याच्या फुथूचा घास होता? गिळवत नव्हता?” फिंडिलेचा आवाज चिरकला. “आम्ही आठवडाभर याला विचारतोय, नीट वाचलं होतंस ना, नीट वाचलं होतंस ना! माझ्या सासूने तर विचारलं, दारू प्यायला होतास का! आणि तू घरात बसून खीर ढवळतेस!”

बालुंगिलेने मान खाली घातली. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. वुसुमुझी काहीतरी बोलायला गेला. सिस्टरने त्याच्या हातावर हात ठेवला. नको. हे तिलाच ऐकू दे.

बाबा मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. त्यांनी सावकाश विचारलं, “म्हणजे तो फोन मी घेतलाच नव्हता?”

“नाही, बाबा.”

“मी विसरलो नव्हतो?”

“नाही.”

म्हातारा खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी उजळलं. पण समोरची पांढरी पट्टी दिसली आणि त्या सुटकेचीच त्याला लाज वाटली. टोपी गुडघ्यावर ठेवून बाबा बराच वेळ तिची कड चाचपत राहिले.

“तू एकदा तारीख खोडली होतीस,” शेवटी ते सुनेला म्हणाले. “त्या रात्री मी जेवलो नाही.”

“तुम्ही रागावला होतात.”

“राग नव्हता गं तो. लाज होती. वाळूची तारीख चुकली, आणि कालची आलेली पोर ती दाखवते. ते तुला सांगायला हवं होतं. ‘बरं केलंस’, एवढंच म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो. तुला वाटलं बाबा रागावले, आणि मी तुला तसं वाटू दिलं. सोयीचं होतं मला. माझ्या अक्षराला कुणी हात लावत नाही याचा मोठेपणा वाटायचा.” ते भेकानीकडे वळले. “तुझा डोळा तिने एकटीने नाही घेतला, भेकानी. बकरा आम्हा दोघांचा आहे.”

भेकानीने मान पूर्ण वळवून बालुंगिलेकडे पाहिलं.

“मला राग आहे, माशेझी. खोटं कशाला बोलू? तो इतक्यात जायचा नाही. पण एक सांगतो. पोरं मला हसतात कार्ड वाचतो म्हणून. आता म्हणतील, बघा, वाचून काय मिळालं! उद्या एखादा नवा पोरगा कार्ड न वाचता डबी उघडेल. ते मला नको आहे. मी परत कामावर येईन तेव्हा कार्ड खरं पाहिजे. बाकी तुमची माफी वगैरे नंतर बघू.”

माफी मिळाली नाही, काम मिळालं!

पुढच्या सोमवारी पिकअपमध्ये वुसुमुझीच्या शेजारी बाबा बसले आणि मागे डबा मांडीवर घेऊन बालुंगिले. घरामागून घर, तलावामागून तलाव. प्रत्येक झाकण उघडायचं, मोटरवरचा क्रमांक वाचायचा, पाणी तपासायचं, गिऱ्हाइकाला विचारायचं, आणि तिथल्या तिथे लिहायचं. काय काय निघालं! एक तलाव सिमेंटचा होता म्हणून लिहिलेलं, त्याला केव्हाच फायबरचं अस्तर बसलं होतं. एका घरचा ‘चावरा, सावध’ कुत्रा मरून त्याच्यानंतर आणलेला कुत्राही म्हातारा झाला होता. जुने मालक जाऊन नवे आले होते आणि कार्ड अजून जुन्यांची विचारपूस करत होतं. आणि आणखी एका कार्डावर, होय, आणखी एका, झाकणाचा रंग चुकीचा होता.

पहिली रेघ मारायची वेळ आली तेव्हा बालुंगिलेने पेन कार्डावर टेकवलं आणि तसंच धरून ठेवलं. बाबांनी पुढे वाकून कार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरलं, हलू नये म्हणून. “मार,” ते म्हणाले. “सरळ मार. आणि शेजारी तारीख घाल, तुझं नाव घाल. उद्या कुणाला विचारायचं ते कळलं पाहिजे.”

आता त्या घरात नियम आहे. ज्याला बदल कळेल त्याने त्याच क्षणी लिहायचं, मग तो मुलगा असो, सून असो की कालच लागलेला कामगार. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. आणि ज्याच्या अक्षरावर रेघ पडेल, त्याने ‘बरं केलंस’ म्हणायचं. हे शेवटचं कलम बाबांनी स्वतः घातलं.

वाचकहो, ही गोष्ट तलावांची आहे, पण तलावांपुरती नाही. आपल्या कचेरीतली फाईल, दवाखान्यातला केसपेपर, इमारतीच्या मीटरपेटीवर चिकटवलेली चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवर आईने लिहिलेलं नाव, हे सगळं आपण नसताना आपल्या वतीने बोलत असतं. त्यावर विसंबून कुणीतरी झाकण उघडणार असतं. तो बहुतेक वेळा आपल्यातला सगळ्यात नेकीने काम करणारा माणूस असतो, कारण बेफिकीर माणूस वाचतच नाही. त्याला खोटं वाचायला देणं म्हणजे त्याच्या नेकीचा घात करणं! आणि ज्यांना आपण मोठं मानतो, त्यांची चूक लपवून त्यांचा मान वाढत नाही; ती चूक त्यांच्या नावावर साचत जाते आणि एक दिवस दुसऱ्याच्याच अंगावर फुटते. मान ठेवा, जरूर ठेवा. पाया पडा, नाव घेऊ नका, खुर्ची सोडा. पण चूक दिसली तर त्याच दिवशी, त्यांच्या तोंडावर, प्रेमाने सांगा. आणि आपण मोठे असू, तर ऐकून घेऊन जेवायला बसा.

एका रविवारी दुपारी बालुंगिले पायरीवर बसून लेकीच्या वेण्या घालत होती. लंडिवे तिच्या गुडघ्यांमध्ये अडकून बसली होती. शाळेत कुणीतरी तिला भेकानीकाकांबद्दल विचारलं होतं. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी आपणच सांगावं, म्हणून बालुंगिलेने लहान मुलीला समजेल अशा शब्दांत सगळं सांगितलं. फोनपासून ट्रेपर्यंत. काही वगळलं नाही.

लंडिवेने ऐकून घेतलं.

“आमच्या बाई असं कुणाला लागलं ना, की आधी एकच विचारतात,” ती म्हणाली. “मा, तू ते मुद्दाम केलंस?”

“नाही गं बाळा. मुद्दाम नाही.”

“मग चुकून?”

बालुंगिलेची बोटं वेणीत तशीच राहिली.

लंडिवेने अर्धवट घातलेली वेणी तिच्या हातातून सोडवत, मागे वळून, तिच्या तोंडाकडे पाहिलं.

“सांग ना, मा. चुकून?”